कळफलकावरील बिनअक्षरी कळा

संगणकाचा कळफलक आपण रोज पाहतो. परंतु त्यावर कळा किती आणि त्यांपैकी प्रत्यक्ष अक्षर उमटविणाऱ्या किती, असे कोणी विचारले तर पुष्कळांना थांबून मोजावे लागेल. सर्वसाधारण मोठ्या कळफलकावर १०४ कळा असतात. २६ अक्षरांच्या, १० अंकांच्या आणि ११ चिन्हांच्या, अशा ४७ कळा लिहिण्याच्या. मधली लांब कळ दोन शब्दांत अंतर सोडणारी. उजवीकडे १७ कळांचा गट आकडेमोडीसाठी. ह्यांची वजाबाकी केली म्हणजे ३९ कळा उरतात. त्या अक्षर म्हणून काहीच लिहीत नाहीत. कोणी दुसऱ्या कळेचा अर्थ बदलते, कोणी मजकुरातून इकडून तिकडे नेते, कोणी यंत्राला एखादे काम सांगते, आणि वरच्या ओळीतील 'एफ १' ते 'एफ १२' ह्या बारा कळा तर आपल्याला कोणी काम नेमून देईल काय, ह्याची वाट पाहत असल्यासारख्या बसून असतात. ह्या बिनअक्षरी कळांविषयी, आणि विशेषतः ज्यांना काय काम द्यावयाचे हे वापरणाऱ्याने ठरवावे अशा कळांविषयी, आज आपल्याला विचार करावयाचा आहे.

विषय तांत्रिक आहे खरा. पण तो केवळ तंत्रज्ञांचा नव्हे. इंदूरहून खांडव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिमरोल हे गाव लागते. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे आवार ह्याच गावी आहे आणि तेथे संगणकशास्त्र शिकविले जाते. संस्थेचा व्यवहार इंग्रजीत, सरकारी कचेऱ्यांचा हिंदीत, गावातील बोलणे माळवीत, आणि इंदुरात होळकरांच्या काळापासून नांदत असलेल्या मराठी कुटुंबांचा पत्रव्यवहार मराठीत, असा चार भाषांचा मेळ ह्या परिसरात आहे. दुकानात विकत मिळणारा कळफलक मात्र बहुधा एकच, आणि त्यावर छापलेली अक्षरे इंग्रजी. एकाच फळीवर इतक्या भाषा कशा नांदवाव्या, हा प्रश्न येथे प्रत्येक लिहिणाऱ्यापुढे असतो. त्याचे उत्तर बिनअक्षरी कळांपाशी आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. अमेरिकेत १८७४ साली बाजारात आलेले रेमिंग्टनचे पहिले टंकयंत्र केवळ मोठ्या लिपीतील इंग्रजी अक्षरे उमटवीत असे. लहान अक्षरे हवी तर कळांची संख्या दुप्पट करावी लागेल, असा पेच होता. १८७८ सालच्या दुसऱ्या यंत्रात तो मोठ्या युक्तीने सोडविण्यात आला. प्रत्येक दांडीच्या टोकाला दोन अक्षरे बसविली आणि एक अशी कळ दिली की, ती दाबली असता यंत्राचा भाग सरकून दुसरे अक्षर कागदासमोर येई. सरकविणारी म्हणून तिचे नाव शिफ्ट. ही कळ स्वतः काहीही लिहीत नव्हती, पण तिच्यामुळे उरलेल्या प्रत्येक कळेचे मोल दुप्पट झाले. बिनअक्षरी कळेचे सामर्थ्य काय असते, हे त्या दिवशीच सिद्ध झाले असे म्हणावयास हरकत नाही.

ज्यांचा संगीताशी परिचय आहे त्यांना हे लवकर ध्यानात येईल. स्केल-चेंजर पेटीत गायकाचा सूर बदलला तर वादक आपली बोटे नव्या पट्ट्यांवर शोधीत बसत नाही. तो संपूर्ण पट्ट्यांचा संचच एक घर सरकवितो. बोटे तीच, हालचाल तीच. पण खालचे स्वर बदललेले असतात. संगणकाच्या कळफलकावर शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट ह्या कळा हेच काम करतात. अभियंते त्याला थर किंवा मजले म्हणतात. एकाच कळेच्या तळमजल्यावर एक अक्षर, पहिल्या मजल्यावर दुसरे आणि आणखी एखादी सरकविणारी कळ दिली तर तिसऱ्या मजल्यावर तिसरे.

तथापि पेटी आणि टंकयंत्र ह्यांहून संगणक एका मूलभूत गोष्टीत वेगळा आहे. टंकयंत्राची कळ आणि कागदावर उमटणारे अक्षर ह्यांच्यामध्ये लोखंडी दांडी होती. त्यांचे नाते कारखान्यात घडत असे आणि ते बदलावयाचे तर खिळे काढून ओतीव अक्षरे बदलावी लागत. संगणकात ही दांडीच नाही. कळफलकाच्या आत आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते आणि प्रत्येक कळ त्या जाळीतील एका छेदनबिंदूवर बसलेली असते. ८ आडव्या आणि १३ उभ्या अशा अवघ्या २१ तारा घेतल्या तरी १०४ छेदनबिंदू मिळतात. कळ दाबली की तेथील आडवी आणि उभी तार एकमेकींना जोडली जाते. आतील चिमुकला प्रक्रियक ह्या तारा एका सेकंदात शेकडो वेळा तपाशीत असतो. कोठे जोड सापडला की तो संगणकाला एक क्रमांक कळवितो, आणि तेथे त्याचे काम संपते.

हा क्रमांक अक्षराचा नव्हे, जागेचा असतो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आज प्रचारात असलेल्या यूएसबी पद्धतीत 'ए' ह्या इंग्रजी अक्षराच्या कळेचा क्रमांक ४, तर 'एफ १' कळेचा ५८. कळफलक फक्त एवढेच सांगतो की, चार क्रमांकाची कळ दाबली गेली. त्या चाराचा अर्थ इंग्रजी 'ए' करावयाचा, देवनागरी ओकार करावयाचा, की 'हे पत्र छापून काढ' असा करावयाचा, हे संगणकातील आज्ञावली ठरविते. म्हणजे कळेवर छापलेले अक्षर ही केवळ एक पाटी आहे. घरावरची पाटी पाहून आत कोण राहतो ह्याचा अंदाज करता येतो. पण पाटी म्हणजे बिऱ्हाड नव्हे. बिऱ्हाड बदलता येते, आणि ते बदलण्यासाठी सुताराला बोलवावे लागत नाही.

एवढे समजले म्हणजे 'एफ' कळांचे प्रयोजन उघड होते. १९६५ साली अमेरिकेत आलेल्या फ्लेक्सोरायटर नावाच्या स्वयंचलित टंकयंत्रावर 'एफ १' ते 'एफ १३' अशा तेरा कळा मुख्य फलकाच्या उजवीकडे होत्या. त्यांचे काम यंत्राच्या पाठीमागील फळीत तारा खोचून ठरवावे लागे. पुढे संगणकाच्या आज्ञावलीतूनच हे ठरविता येऊ लागले. १९८१ साली आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्या कळफलकाच्या डाव्या बाजूस अशा दहा कळा होत्या. नंतर काही वर्षांतच त्या बारा झाल्या आणि वरच्या ओळीत गेल्या. 'एफ' म्हणजे फंक्शन, कार्य. कोणते कार्य, ते मुद्दामच मोकळे ठेवलेले होते.

आपल्याकडील कोणत्याही पेढीवर ह्याचे उदाहरण पाहावयास मिळते. हिशेबासाठी देशभर वापरल्या जाणाऱ्या टॅली ह्या आज्ञावलीत 'एफ ५' दाबले की पैसे दिल्याची नोंद उघडते, 'एफ ६' ने पैसे मिळाल्याची, 'एफ ८' ने विक्रीची आणि 'एफ ९' ने खरेदीची. सियागंजासारख्या घाऊक बाजारात ज्या मुनिमाचा हात ह्या कळांवर बसला आहे, त्याला पडद्यावर बाण फिरवीत योग्य जागा शोधण्याचे कारण पडत नाही. जुन्या मुनिमाची नजर न वळविता रोजमेळाचे नेमके पान उघडण्याची जी हातोटी होती, तिचेच हे नवे रूप होय. मात्र येथे कळेचा अर्थ आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरविलेला आहे, मुनिमाने नव्हे. ज्या कळेचा अर्थ वापरणारा स्वतः ठरवितो ती खरी मोकळी कळ.

अशी कळ तीन ठिकाणी सिद्ध करता येते, आणि ह्या तिहींतील भेद समजून घेणे उपयोगाचे आहे.

पहिले ठिकाण म्हणजे ज्या आज्ञावलीत आपण काम करतो ती. पत्रे लिहिण्याच्या बहुतेक आज्ञावल्यांत काही क्रिया एकदा करून दाखविल्या की त्या लक्षात ठेवल्या जातात आणि पुढे एका कळेने पुन्हा घडवून आणता येतात. ह्याला मॅक्रो म्हणतात. 'आपले दिनांक अमुकचे पत्र पावले, त्यास अनुसरून कळविण्यात येते की' हे वाक्य ज्या कारकुनाला दिवसातून चाळीस वेळा लिहावे लागते, त्याने ते एका कळेच्या स्वाधीन करावे. त्यात आळस नाही, विवेक आहे. कारण चाळीस वेळा लिहिलेल्या वाक्यात एकदा तरी चूक होते, आणि एकदाच नीट तपासून ठेवलेल्या वाक्यात ती होत नाही. ह्या पद्धतीची मर्यादा अशी की, त्या आज्ञावलीच्या बाहेर ती कळ पुन्हा मुकी होते.

दुसरे ठिकाण म्हणजे संगणकाची मूळ कार्यप्रणाली. येथे कळेचा अर्थ बदलला की त्या यंत्रावरील सर्व आज्ञावल्यांना तो लागू होतो. भाषांच्या मांडण्या येथेच राहतात. इंग्रजीवरून मराठीवर आणि मराठीवरून हिंदीवर जाण्यासाठी आपण जी कळजोडी दाबतो, ती ह्या प्रणालीला उद्देशून असते. परंतु यंत्र बदलले की ही व्यवस्था मागे राहते.

तिसरे ठिकाण म्हणजे खुद्द कळफलक. काही कळफलकांच्या आतील प्रक्रियकाला आपली आज्ञा शिकविता येते आणि ती तेथेच साठून राहते. असा कळफलक बगलेत मारून कोणत्याही गावच्या कोणत्याही संगणकाला जोडला तरी आपल्या कळा आपल्याबरोबर येतात. पण येथेही एक अडचण आहे आणि ती मराठी लिहिणाराला विशेष जाणवते. कळफलक जागेचा क्रमांक पाठवितो, अक्षर पाठवीत नाही, हे आपण पाहिलेच. म्हणून 'ळ' हे अक्षर थेट पाठविण्याची सोय सामान्य कळफलकाला नाही. समोरच्या संगणकावर मराठीची मांडणी आधीच चालू असली पाहिजे. सारांश, कळफलक आणि प्रणाली ह्यांनी एकमेकांचे बोलणे समजून घेतले तरच तिसरी पद्धत भारतीय भाषांना फळते. ह्यावर एक तोडगा आहे. यूएसबीच्या क्रमांकांत 'एफ १३' ते 'एफ २४' अशा आणखी बारा कळांसाठी १०४ ते ११५ हे क्रमांक राखून ठेवलेले आहेत. नित्याच्या कळफलकावर त्या कळा नसतात, म्हणून बहुतेक आज्ञावल्या त्यांचा उपयोग करीत नाहीत. कळफलकाकडून ह्यांपैकी एक क्रमांक पाठवावा आणि त्याचा अर्थ संगणकात लावावा, म्हणजे दुसऱ्या कोणत्याही कळेशी तंटा होत नाही.

आता आपल्या भाषेकडे वळू. देवनागरी टंकयंत्रावर लिहिणाऱ्याला अक्षराचे रूप जसे डोळ्यांना दिसते त्या क्रमाने कळा दाबाव्या लागत. 'कि' लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी, क नंतर. 'सूर्य' लिहिताना य आधी आणि त्यावरचा रफार नंतर. अर्धे अक्षर लिहून त्यास काना जोडला की ते पूर्ण होई. काही कळा अशा होत्या की, त्या दाबल्या तरी कागद पुढे सरकत नसे. मात्रा, उकार, अनुस्वार ह्यांच्यासाठी त्यांची योजना होती. यंत्राच्या मर्यादेतून निघालेली ही हुशार व्यवस्था होती. पण तिच्यात अक्षराचा उच्चार बाजूला पडून आकृतीच मुख्य ठरली.

भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली सर्व भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' ही मांडणी प्रमाण केली आणि १९९१ साली भारतीय मानक संस्थेने तिला आपल्या मानकात स्थान दिले. तिची रचना सुबोध आहे. डाव्या हाताखाली स्वर आणि उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने. स्वरांच्या कळा शिफ्टविना काना, मात्रा, वेलांटी देतात आणि शिफ्टसह पूर्ण स्वर देतात. व्यंजनांत शिफ्टविना क तर शिफ्टसह ख, शिफ्टविना ग तर शिफ्टसह घ, असे अल्पप्राण आणि महाप्राण एका घरात नांदतात. आपल्या व्याकरणकारांनी वर्णमालेची जी शास्त्रशुद्ध मांडणी केली तिचाच आधार ह्या मांडणीला आहे. इंग्रजी कळफलकाला असा काही आधार नाही.

ह्या मांडणीत इंग्रजी 'डी' च्या जागेवर हलन्ताची कळ आहे. ती सर्व कळांत मला विशेष महत्त्वाची वाटते. ती एकटी फारसे काही लिहीत नाही. पण दोन व्यंजनांच्या मध्ये ती दाबली की संगणक त्यांचे जोडाक्षर करतो. टंकयंत्रावर अर्ध्या अक्षरांसाठी ज्या वेगळ्या कळा लागत, त्या सर्वांचे काम ही एक कळ करते. 'सूर्य' लिहिताना आता स, दीर्घ उकार, र, हलन्त, य असा उच्चाराचाच क्रम ठेवावयाचा. रफार कोठे काढावयाचा ते यंत्र पाहून घेते. शिफ्टने जे इंग्रजीसाठी केले, त्याहून मोठे काम हलन्ताने देवनागरीसाठी केले आहे.

परंतु मराठीच्या काही गरजा हिंदीहून वेगळ्या आहेत आणि नेमक्या तेथेच घोटाळा होतो. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द घ्या. पहिल्यात विद्वान गुरुजन आहेत, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे. दोहोंतील भेद एवढाच की एकात रफार आहे आणि दुसऱ्यात पापणीसारखा वळलेला अर्धा र. हिंदीला ह्या अर्ध्या र ची गरज भासत नाही. म्हणून इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी 'जे' च्या जागी शिफ्टसह दाबल्यावर येणारा 'ऱ' पुष्कळांना ठाऊकच नसतो. तो दाबून पुढे हलन्त आणि य दिला की 'ऱ्य' तयार होतो. सिमरोलवरून जाणारा रस्ता खांडव्यापुढे ज्या शहराला जातो त्याला हिंदीत बुरहानपुर म्हणतात, मराठीत बऱ्हाणपूर. हा शब्द लिहिताना ही कळ माहीत नसेल तर 'बर्हाणपूर' असे काहीतरी उमटते आणि वाचणारा अडखळतो.

ह्यात केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. हाच पापणीचा र संगणकात साठविण्याच्या किमान दोन रीती आहेत. एकीत 'ऱ' आणि हलन्त असतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह असते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात. पण संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. एका कारकुनाने यादीत 'कऱ्हाडे' हे आडनाव पहिल्या रीतीने नोंदविले आणि दुसऱ्याने ते दुसऱ्या रीतीने शोधले, तर दोन्ही रीती एक मानण्याची तजवीज केलेली नसल्यास 'नाव आढळत नाही' असेच उत्तर मिळेल. ज्याचे नाव आहे त्या माणसाला मात्र कचेरीच्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतील. म्हणून एखाद्या कचेरीने आपल्या सर्व यंत्रांवर 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' ह्यांसाठी एकेक मोकळी कळ ठरवून दिली आणि तिच्यातून नेहमी एकच रीत बाहेर पडेल असे केले, तर ती केवळ टंकलेखकाची सोय होणार नाही. नोंदीच्या शुद्धतेची ती हमी ठरेल.

'ॲ' ह्या अक्षराची हकिगत अशीच बोधप्रद आहे. 'ॲड', 'बॅट' ह्यांसारखे इंग्रजीतून आलेले उच्चार मराठी लिहिते. पण मराठीला हवा असलेला अ वरच्या चंद्राचा स्वर युनिकोड ह्या जागतिक संकेतावलीत प्रथम नव्हता. त्याला स्वतंत्र क्रमांक २००८ साली मिळाला. तोवर लोक हिंदीतील 'ऍ' वापरीत, किंवा अ लिहून त्यावर चंद्र ठेवीत, आणि दोन्ही सवयी अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. रुपयाच्या चिन्हाचेही तसेच. उदयकुमार ह्यांनी रेखाटलेले '₹' हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी त्याला युनिकोडमध्ये क्रमांक मिळाला. पण देशात आधीच असलेल्या असंख्य कळफलकांवर ते कोठे छापलेले असणार? मग विंडोजच्या भारतीय इंग्रजी मांडणीत उजवीकडील ऑल्ट आणि ४ ह्या कळा एकत्र दाबल्या की ते उमटावे, अशी योजना झाली. एकही कळ न वाढविता, एकही कळफलक न फेकता, राष्ट्राच्या चलनाचे चिन्ह चाराच्या कळेच्या वरच्या मजल्यावर राहावयास आले.

इंदूरकरांच्या जिव्हाळ्याचे आणखी एक उदाहरण देतो. होळकरशाहीतील मराठी पत्रव्यवहार मोडी लिपीत होत असे. ह्या लिपीला २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत ७९ चिन्हांसह प्रवेश मिळाला. म्हणजे जुने मोडी कागद आता चित्र म्हणून नव्हे, तर शोधता येईल असा मजकूर म्हणून संगणकात ठेवणे शक्य झाले. पण बाजारातील कोणत्याही नेहमीच्या कळफलकावर मोडीचे अक्षर छापलेले आढळणार नाही. ज्याला मोडी लिहावयाची आहे त्याने इनस्क्रिप्टचा सांगाडा घ्यावा, क च्या जागी मोडी क, ळ च्या जागी मोडी ळ बसवावा आणि एका बिनअक्षरी कळेने देवनागरीतून मोडीत व मोडीतून देवनागरीत जाण्याची सोय करावी. ज्याची बोटे देवनागरीला सरावली आहेत त्याला वेगळे काही शिकावे लागणार नाही. जी लिपी शाळांतून गेली, छापखान्यांतून गेली, तिला परत येण्यासाठी एका कळेइतकी वाट पुरते.

आतापर्यंत सोयीचा विचार झाला. काहींच्या बाबतीत मात्र मोकळी कळ ही सोय नसून लिहिता येणे आणि न येणे ह्यांतील भेद ठरते. ज्याचा एकच हात चालतो त्याने कंट्रोल, ऑल्ट आणि तिसरी एखादी कळ एकाच वेळी कशी दाबावी? विंडोज प्रणालीत शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की ह्या कळा चिकटत्या करण्याविषयी विचारणा होते. ती मान्य केली म्हणजे एकामागून एक दाबलेल्या कळा यंत्र एकत्र दाबल्या असे समजते. बोटे थरथरत असतील तर क्षणभर लागलेला धक्का कळफलकाने मोजू नये, अशीही व्यवस्था करता येते.

दृष्टिहीनांचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ब्रेल लिपीत सहा ठिपके असतात आणि त्यांच्या उठावातून ६३ आकृत्या होतात. भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान पद्धत १९५१ साली ठरली. साध्या कळफलकावरील 'एफ', 'डी', 'एस' ह्या इंग्रजी अक्षरांच्या कळांना पहिला, दुसरा, तिसरा ठिपका आणि 'जे', 'के', 'एल' ह्यांना चौथा, पाचवा, सहावा ठिपका नेमून दिला की सहा कळांचे ब्रेल यंत्र तयार होते. क साठी पहिला आणि तिसरा ठिपका एकदम. म साठी पहिला, तिसरा आणि चौथा. ल साठी पहिले तीन. हात हलवावे लागत नाहीत, कळा शोधाव्या लागत नाहीत. 'कमल' हा शब्द तीन ठोक्यांत लिहून होतो.

येथे तारांच्या जाळीतील एक दोष आड येतो. जाळीतील एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरील कळा एकाच वेळी दाबल्या तर वीज आडवळणाने फिरून चौथ्या कोपऱ्यावरील न दाबलेली कळही दाबल्यासारखी भासते. ही खोटी कळ उमटू नये म्हणून पुष्कळ स्वस्त कळफलक अशा वेळी तिसरी कळ कळवीतच नाहीत. एकेक अक्षर लिहिणाऱ्याला हा दोष आयुष्यात जाणवणार नाही. ब्रेल लिहिणाऱ्याला तो पहिल्याच ओळीत जाणवेल. प्रत्येक कळेपाशी वीज एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड बसविला तर दोष नाहीसा होतो. शाळेसाठी किंवा ग्रंथालयासाठी कळफलक घेताना ह्या सहा कळा एकदम दाबून पाहाव्या. परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे.

गुण सांगितले तसे धोकेही सांगितले पाहिजेत. मोकळ्या कळेत सांकेतिक शब्द, म्हणजे पासवर्ड, साठवून ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण जो कोणी ती कळ दाबील त्याच्यासाठी ती सारखीच आज्ञाधारक आहे. दुसरे असे की, कळफलकावर संगणकाचा पूर्ण विश्वास असतो. तो जे टंकील ते मालकानेच टंकिले असे यंत्र मानते. यूएसबीची एखादी साधी वस्तू आपण कळफलक आहोत असे भासवून संगणकाला भलत्या आज्ञा देऊ शकते, हे २०१४ साली संशोधकांनी जाहीरपणे दाखवून दिले. म्हणून वाटेत सापडलेली किंवा अनोळखी माणसाने दिलेली वस्तू आपल्या यंत्राला जोडू नये. तिसरा धोका सौम्य, पण नित्याचा आहे. अनेकांच्या वापरातील संगणकावर कळांचे अर्थ बदलून निघून जाणे म्हणजे सामाईक विहिरीचा दोर आपल्या उंचीप्रमाणे कापून जाण्यासारखे आहे. तेथे मूळ व्यवस्था जशी होती तशी करून उठावे.

ज्यांना ह्या वाटेने जावयाचे आहे त्यांनी एकदम फार कळा बदलू नयेत. बोटांची स्मृती डोक्यातील स्मृतीहून हट्टी असते. आपण दिवसभरात कोणता मजकूर, कोणते चिन्ह, कोणती क्रिया सर्वांत अधिक वेळा करतो, ते दोन दिवस टिपून ठेवावे. त्यांतील पहिल्या तिघांनाच कळा द्याव्या आणि त्या हाडी रुळल्यावर पुढे जावे. दिलेला अर्थ एका कागदावर लिहून ठेवावा. आणि ज्या कळेने काही पुसले जाते किंवा पाठविले जाते, ती नित्य वापराच्या कळेशेजारी कधीही ठेवू नये.

टंकयंत्राच्या काळात माणसाला यंत्राप्रमाणे वळावे लागले. जे अक्षर यंत्रात बसले नाही ते भाषेने काही काळ सोडून दिले, आणि यंत्राची तडजोड हीच शुद्ध रीत आहे असेही कित्येकांना वाटू लागले. आज ती सक्ती उरलेली नाही. कळ आणि अक्षर ह्यांच्यामधली लोखंडी दांडी गेली आहे आणि तिच्या जागी आपण लिहू तो नियम आला आहे. असे असूनही आपली भाषा कळफलकावर लंगडत असेल, आचाऱ्यांचे आचार्य होत असतील आणि बऱ्हाणपूरचे नाव मोडत असेल, तर तो दोष आता यंत्राच्या माथी मारता येणार नाही. वरच्या ओळीतील त्या बारा कळा मोकळ्या आहेत. त्यांपैकी एक जरी मराठीच्या एखाद्या अडलेल्या अक्षराला दिली, तरी रोजच्या लिहिण्यात काय फरक पडतो हे प्रत्येकाला आठवडाभरात स्वतःच पाहता येईल.